तोड्याची बंदूक आणि बांबूची काडी



नारळाला डोळे असतात, सुईला नाक असतं, चहाच्या कपाला कान असतो. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण बंदुकीलाही कान असतो, हे कुणी सांगितलं होतं का? असतो बरं का! अगदी एकच असतो, आणि तोही बाजरीच्या दाण्याएवढा!

आजच्या बंदुकीला नव्हे, जुन्या काळच्या बंदुकीला. इतिहासाच्या पुस्तकांत कधीकधी एक वाक्य भेटतं, 'शत्रूच्या तोफांच्या कानात खिळे ठोकले.' लहानपणी मला वाटायचं, तोफेला कुठला आलाय कान? पुढे कळलं, की तोफेच्या किंवा बंदुकीच्या नळीला मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. बाहेरचा विस्तव आत जायचा तो याच भोकातून. त्यालाच म्हणायचं कान. तो बुजवला, की एवढी मोठी तोफ बहिरी! कितीही बत्ती द्या, तिला ऐकूच येणार नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका कानाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट खरी आहे, आणि ती वाचून झाल्यावर तुमच्या आई-बाबांनाही वाचायला द्या. कारण अशी वस्तू एखाद्या वेळी तुमच्याही माळ्यावर असू शकते.

बंदूक चालते कशी?

या बंदुकीचं नाव तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे सुती दोरी. ही दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवायची. मग तिचं टोक पेटवलं, की ज्योत येत नाही. उदबत्तीसारखी ती नुसती धुमसत राहते.

बंदुकीची लांबलचक नळी एका बाजूने बंद. उघड्या तोंडातून आधी दारू घालायची. दारू म्हणजे काळी भुकटी, सोरा, गंधक आणि कोळसा यांची. मग शिशाची गोळी आणि चिंधीचा बोळा. हे सगळं लांब गजाने ठासून बसवायचं. याला म्हणतात बार भरणे. नंतर कानाशेजारी जी छोटीशी वाटी असते, तिच्यात चिमूटभर बारीक दारू ठेवायची. तिचं नाव रंजक.

चाप ओढला, की धुमसता तोडा धरलेला लोखंडी चिमटा खाली झुकतो आणि रंजकीला टेकतो. रंजक भुर्रकन पेटते. तिचा विस्तव कानातून आत शिरतो आणि आतला बार उडतो. रंजक पेटली, पण विस्तव आत पोचलाच नाही, तर नुसता फुसका बार!

यातली तरफ तुमच्या लक्षात आली का? चाप हे तरफेचं एक टोक, चिमटा हे दुसरं. मध्ये एक खिळा. बागेतल्या सी-सॉचंच हे भावंडं. इतकी साधी रचना असल्यामुळे गावचा लोहारसुद्धा ती दुरुस्त करू शकायचा. म्हणूनच नव्या तऱ्हेच्या बंदुका आल्यावरही आपल्याकडे तोड्याची बंदूक शंभर-दीडशे वर्षं टिकून राहिली.

नळी बनवणं मात्र सोपं काम नव्हतं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात ते वर्णन करून ठेवलं आहे. लोखंड ठोकून पट्टी करायची. ती तिरकी वळवत कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळायची. घड्या एकमेकींवर येतील अशा बेताने भट्टीत तापवून जोडायच्या. तोच अबुल फजल सांगतो, की पूर्वीच्या बंदुका पाव भागाहून जास्त दारू भरली तर फुटायच्या; आता तोंडापर्यंत भरली तरी फुटत नाहीत. बादशहाच्या कारखान्यात सोळा नळ्या एकदम साफ करणारं एक चाक होतं म्हणे, आणि ते फिरवायला गाय जुंपलेली असे!

ही झाली गंमत. पण त्यातलं एक वाक्य विसरू नका. 'पूर्वीच्या बंदुका फुटायच्या.' नळी नवी असताना, करणारा कारागीर समोर उभा असताना सुद्धा ती फुटू शकत होती. मग दोनशे वर्षं गंजलेली असेल तर?

खानदेशातल्या बंदुका

मी धुळ्याच्या देवपूर भागात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या खानदेशात या बंदुकांचा आवाज फार घुमला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रजांशी चकमक झाली. त्याच वर्षी मे-जून महिन्यांत मालेगावच्या भुईकोट किल्ल्यात अरब शिपायांनी इंग्रजी फौजेला आठवडेच्या आठवडे झुंजवलं. शेवटी ११ जूनला तोफेचे गोळे पडून किल्ल्यातलं दारूकोठार उडालं आणि तटाचा भाग ढासळला, तेव्हा तो वेढा संपत आला. पुढे १८५७ च्या उठावात खाज्या नाईकांनी सातपुड्यात इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्ल वीरांच्या हाती तिरकमठे होते, तशाच तोड्याच्या बंदुकाही होत्या.

उठावानंतर सरकारने लोकांकडची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ साली तर त्यासाठी कडक कायदाच आला. कितीतरी बंदुका जमा झाल्या, मोडल्या, वितळवल्या. म्हणून आज एखाद्या जुन्या घरात अशी बंदूक उरली असेल, तर ती नुसती लोखंडाची नळी नाही. ती साक्षीदार आहे.

आजोळची बंदूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र जवळ आलं होतं. चौथीच्या वर्गात मी 'माझा आवडता सण' हा निबंध लिहायला दिला. एका मुलाच्या वहीत वाचलं, 'मला दसरा आवडतो. या दसऱ्याला आमच्या आजोळी खूप जुनी बंदूक उडवणार आहेत. बत्ती मी देणार आहे.'

निबंधाला दहापैकी आठ गुण दिले. पण मन काही थाऱ्यावर राहिना. मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं.

"बंदूक कुठे आहे रे?"

"माळ्यावर होती, मॅडम. मामांनी खाली काढली. खंडेनवमीला तिची पूजा असते. यंदा मामा म्हणाले, नुसती पूजा किती वर्षं करायची? नीट करू आणि उडवू."

"आणि तू काय करणार?"

"मी कानाला विस्तव लावणार!" त्याचे डोळे चमकत होते.

मुलांनो, आता ती बंदूक डोळ्यांपुढे आणा. कान नळीच्या मागच्या टोकाला. दस्ता खांद्याला टेकवला, की गाल त्या कानापासून जेमतेम वीतभर दूर. म्हणजे विस्तव लावणाऱ्या मुलाचा चेहरा कुठे येईल, तुम्हीच सांगा.

रविवारी मी त्याच्या आईला बरोबर घेऊन त्या गावी गेले. आमच्या गल्लीत सैन्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी फौजेत शस्त्रं सांभाळायचंच काम केलं होतं. त्यांनाही विनंती केली. ते लगेच निघाले. निघताना त्यांनी अंगणातली एक लांब, सरळ बांबूची काडी तेवढी बरोबर घेतली. मला वाटलं, वाटेतल्या कुत्र्यांसाठी असेल!

मामा मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी ओसरीवरच बंदूक दाखवली. माझ्या खांद्याच्याही वर येईल एवढी लांब. दस्त्यावर हस्तिदंताचे बारीक तुकडे बसवलेले. नळी लाकडाला कातडी वाद्यांनी आवळलेली. मामांनी नळीचं निम्मं अंग विटेची भुकटी आणि चिंच लावून घासलं होतं. तेवढं चकाकत होतं.

आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, हाई बंदूक मना सासरानी शे. घरमा ऱ्हास, पन कोनी तिले हात लावत नई." ही माझ्या सासऱ्यांची बंदूक, घरात असते, पण कुणी तिला हात लावत नाही, असं त्या सांगत होत्या.

काडी आत गेली, पण...

फौजी काकांनी पहिलं काम काय केलं असेल? सगळ्या मुलांना मागच्या परसात पाठवलं. बंदूक जमिनीवर आडवी ठेवली. तिचं तोंड मोकळ्या शेताकडे. स्वतः बाजूला बसले. नळीच्या तोंडासमोर हात नाही, डोकं नाही. मग ती बांबूची काडी हळूच आत सरकवली. टेकली तिथे थांबले. तोंडापाशी काडीवर खडूने खूण केली. काडी बाहेर काढली आणि नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून, तिच्याशेजारी धरली.

नळी रिकामी असेल तर काडीचं टोक कानाच्याही थोडं मागे जायला हवं. पण ते कानाच्या चार बोटं अलीकडेच थांबलं होतं.

ओसरीवर कुणी बोलेना.

"आत काहीतरी आहे," काका शांतपणे म्हणाले. "माती असेल, गांधीलमाशीचं घर असेल, नाहीतर बार असेल. काय आहे ते कळेपर्यंत ती भरलेलीच समजायची."

मामा हसले. "काका, पणजोबांच्या वेळची बंदूक. असली तरी ती दारू कधीच मेली असेल!"

मोठ्या माणसांनाही असं वाटतं. पण काळी दारू दुधासारखी नासत नाही. ओली झाली तर निरुपयोगी होते, पण नळीत कोरडी, बंद राहिली तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेटू शकते. एक खरं उदाहरण सांगते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या सेंट्रल पार्क या बागेत एक जुनी तोफ होती. १७८० साली बुडालेल्या 'हसार' नावाच्या ब्रिटिश जहाजावरची. कितीतरी वर्षं ती उघड्यावर मांडलेली होती. १९९६ साली तिला आत कोठारात हलवलं. जानेवारी २०१३ मध्ये कामगार तिचा गंज काढत होते. तोंडातला बोळा निघाला आणि पाहतात तर काय? आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू! लोक तिच्याजवळून हिंडले-फिरले, आणि ती मात्र भरलेलीच. पोलिसांच्या बॉम्बपथकाने ती दारू बाहेर काढली. ती तेव्हाही पेटण्याजोगी होती.

तिथे सगळे सुखरूप राहिले. पण दरवेळी असं होत नाही. २००८ साली अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यात यादवी युद्धातला, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा, एक तोफगोळा साफ करताना फुटला आणि साफ करणारा माणूस दगावला. तो काही नवशिका नव्हता. असे शेकडो गोळे त्याने आधी साफ केले होते.

मी हे सांगितलं, तेव्हा मामांच्या हातातला घासायचा काथ्या गळून पडला. कानातला गंज काढायला त्यांनी त्याच दिवशी तारेने खोदायचं ठरवलं होतं. तार आणि लोखंड घासलं, की ठिणगी पडायला कितीसा वेळ?

काकांनी पोलीस ठाण्याला फोन करायला सांगितलं. मामा जरा घाबरले. "उलट आमच्यावरच केस झाली तर?" काका म्हणाले, "लपवली तर प्रश्न येतो. आपण होऊन सांगितलं तर मार्ग निघतो." संध्याकाळी पोलीस आले, पंचनामा झाला, आणि बॉम्ब शोधक पथकाचे जवान बंदूक घेऊन गेले.

खरोखरच बार भरलेला होता! दारू आधी भिजवून निकामी करून, मग तो काढला. चिंधीचा कडक झालेला बोळा निघाला. बोराच्या बीएवढी शिशाची गोळी निघाली. आणि घट्ट बसलेली काळी ढेप. कुणी, कधी, कशासाठी भरला होता तो बार? वाघासाठी? दरोडेखोरांसाठी? का लग्नाच्या वरातीसाठी? आता कोण सांगणार!

नीट करून उडवली तर?

नळी रिकामी झाल्याचं कळताच मामांची भीती गेली आणि हौस परत आली. मला हे थोडं समजतंही बरं का. आपल्या वाडवडिलांच्या हातात गर्जणारी वस्तू. तिचा आवाज आपणही एकदा ऐकावा, असं कुणाला वाटणार नाही? ते मला म्हणाले, "मॅडम, आता तर धोका गेला. लेथवाल्याकडे नेतो, नीट करून घेतो. एकदाच उडवू."

तेव्हा 'नीट करणं' म्हणजे काय, ते आम्ही कागदावर मांडलं. जगात काही ठिकाणी जुन्या बंदुका खरोखर उडवण्यालायक करतात. पण ते काम कसं चालतं पहा.

आधी नळीत बारीक कॅमेरा घालून आतला इंच न् इंच तपासतात. क्ष-किरणांनी फोटो काढतात. गंजाने कुठे खड्डे पाडलेत, घड्यांचे जोड कुठे सुटलेत, ते शोधतात. आपल्याकडच्या बऱ्याच नळ्यांचं मागचं टोक ठोकून कायमचं बंद केलेलं असतं. आटे नसतात. त्यामुळे ते उघडून डोकावताही येत नाही.

हे एवढं का? प्रेशर कुकरचा विचार करा. वाफ कोंडली, की शिट्टी वर उचलली जाते. शिट्टी अडकलीच, तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. बंदुकीच्या नळीला ना शिट्टी, ना व्हॉल्व्ह. डोळ्याचं पातं लवायच्या आत आत प्रचंड वायू तयार होतो. त्याने गोळीला पुढे ढकलायचं असतं. पण नळी कुठे कच्ची असेल, तर तो वायू तिथूनच वाट काढतो. आणि ती जागा बहुधा मागे असते, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याजवळ.

शंका आली, तर कारागीर जुन्या नळीच्या पोटात नव्या पोलादाची नळी बसवतात. त्यानंतर परीक्षा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १८१३ सालापासून बंदुकांची परीक्षा घेणारी खास संस्था आहे. तिथे नळी जड चौकटीत पक्की बसवतात, नेहमीपेक्षा जास्त दारू भरतात, आणि माणसं आडोशाला उभी राहून बार उडवतात. नळी टिकली, चीर पडली नाही, फुगली नाही, तरच तिच्यावर 'पास'चा शिक्का. एवढं सगळं झालं तरी आधुनिक काडतुसातली दारू तिला कधीच चालत नाही. तिचा जोर वेगळा असतो.

जपानमध्ये तर तोड्याच्या बंदुकांचे सोहळे होतात. तिथे १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर या बंदुका आल्या. आजही किल्ल्यांवरच्या उत्सवांत लोक जुनी चिलखतं घालून त्या उडवतात. पण प्रत्येक बंदूक सरकारदरबारी नोंदवलेली, उडवणारे शिकलेले, आणि बार नुसत्या दारूचा. गोळी नाहीच.

"आणि आपल्याकडे?" मामांनी विचारलं.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी जुनी, मोडकी बंदूक घरात ठेवायला परवाना लागत नाही. पण ती चालू केलीत, की ती वस्तू पुन्हा बंदूक होते, आणि मग परवाना हवाच. शिवाय परवाना नसलेल्या कारागिराने बंदूक बनवणं किंवा दुरुस्त करणं हाही गुन्हा आहे. म्हणजे लेथवाले दादाही अडकणार आणि मामाही.

काका एवढंच म्हणाले, "आणि समजा, केलं सगळं. नवी नळी घातली. मग उडणार ती नवी नळी. पणजोबांची बंदूक तिच्यावरचा नुसता अंगरखा. आवाज तरी कुणाचा ऐकणार तुम्ही?"

मामा गप्प झाले. इतका वेळ आजी ऐकत होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या, "पोऱ्याना डोयापेक्षा बार मोठा शे का?"

पोराच्या डोळ्यापेक्षा बार मोठा आहे का? त्यावर कुणाजवळही उत्तर नव्हतं.

पुढे रीतसर तपासणी झाली. तपासणाऱ्यांना कानाजवळ केसाएवढी बारीक चीर सापडली. आतून नळी गंजाने खाल्ली होती. दसऱ्याला बार भरला असता, तर ती तिथेच उकलली असती. बंदूक कामाची उरलेली नाही, असा लेखी कागद मिळाला आणि काही महिन्यांनी ती घरी परतली.

मग केलं काय?

उडवायची नाही म्हणजे पुन्हा माळ्यावर टाकायची, असं नव्हे. उलट खरं काम तिथूनच सुरू झालं. माझ्या विद्यार्थ्याला बत्ती द्यायला मिळाली नाही, म्हणून तो फुगून बसला होता. त्याला मी या कामाचा प्रमुख नेमलं.

पहिला नियम, घासायचं नाही. विटेची भुकटी, चिंच, लिंबू, रांगोळी, पॉलिशपेपर, सगळं बंद. मामांनी जेवढा भाग घासला होता, तिथली लोखंडाच्या घड्यांची नक्षी जवळजवळ पुसली गेली होती. न घासलेल्या भागावर पाण्याच्या लहरींसारख्या रेघा अजून दिसत होत्या. कारागिराने पट्टी कशी गुंडाळली, हे सांगणाऱ्या त्या रेघा! एकदा गेल्या की गेल्या.

दुसरा नियम, उघड्या हाताने धरायची नाही. घामात मीठ असतं आणि मिठाने गंज वाढतो. सुती हातमोजे घालायचे. धूळ मऊ ब्रशने झटकायची. लोखंडावर तेलाचा अगदी पुसट हात फिरवायचा. लाकडाला पाणी लावायचं नाही.

तिसरा नियम, ओल्या भिंतीवर, चुलीजवळ किंवा उन्हात टांगायची नाही.

चौथा नियम मला सर्वांत आवडतो, लिहून ठेवायचं. आम्ही मोजपट्टीने लांबी मोजली. नळीचं तोंड किती रुंद, ते कर्कटकाने मोजलं. फोटो काढले. आजीला विचारून घराण्यातली नावं, गावं, ऐकलेल्या गोष्टी मुलांनी वहीत टिपल्या. 'आजीने सांगितलं' आणि 'आम्ही पाहिलं' असे दोन वेगळे रकाने केले. आतून निघालेल्या बाराची हकिगतही लिहिली. ही वही आज बंदुकीइतकीच मोलाची आहे, कारण आजींच्या आठवणी दुसरीकडे कुठेच लिहिलेल्या नाहीत.

हे मला सुचलं ते धुळ्यामुळेच. आमच्या गावात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे गावोगाव पायपीट करायचे. लोकांच्या माळ्यांवरची, पेट्यांतली जुनी दप्तरं शोधून काढायचे. त्यातूनच १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड निघू लागले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं, आणि १९२७ साली त्यांनी जमवलेला ठेवा सांभाळण्यासाठी हे मंडळ उभं राहिलं. जुना कागद सापडला, तर त्यावरची पुसट अक्षरं आपण नव्या शाईने गिरवतो का? नाही ना? मग जुन्या बंदुकीची नळी तरी का बदलायची?

आता दरवर्षी खंडेनवमीला त्या घरी बंदूक पाटावर ठेवतात. हळदकुंकू लोखंडाला न लावता समोरच्या तबकात वाहतात. झेंडूची माळ पाटाभोवती घालतात. कर्नाटकातल्या कोडगू भागातही कैल पोळ्दु या सणाला बंदुकांना फुलं वाहून त्यांची पूजा करतात. पूजेला बार उडवावाच लागतो, असं थोडंच आहे? आणि पूजा झाली, की माझा तो विद्यार्थी, आता सातवीत आहे, गावातल्या मुलांना समोर बसवून विचारतो, "सांगा पाहू, बंदुकीचा कान कुठे असतो?"

मुलांनो, आता तुमच्यासाठी काम. आजी-आजोबांना विचारा, आपल्या घरात सर्वांत जुनी वस्तू कोणती? अडकित्ता असेल, दगडी दिवा असेल, पितळी माप असेल. ती कुणाची, कुठून आली, कशी वापरत, ते वहीत लिहा. चित्र काढा. घासू नका.

आणि जर ती वस्तू बंदूक, तोफगोळा किंवा काडतूस असेल, तर मात्र हात लावू नका. काडी घालून बघू नका. ते काम शिकलेल्या मोठ्या माणसाचं. उचलू नका, हलवू नका, मित्रांना दाखवायला नेऊ नका. सरळ मोठ्यांना सांगा. आणि आई-बाबा, तुम्ही पोलिसांना कळवा. ती रिकामी आहे असं घरातले सगळे म्हणत असतील, तरीसुद्धा! त्या घरातही सगळे तसंच म्हणत होते.